युनोस रोडस्टर: पुढची नंबरप्लेट ५२० वरून ४२४ मिमी

८ मार्च २०२५, शनिवार. रेडिंग, इंग्लंड

सकाळी दुकानासमोर गाडी लावताना पुढून ‘टक्’ आवाज आला. उतरून पाहिलं तर नंबरप्लेटचा डावा कोपरा पार्किंगच्या सिमेंटच्या ठोकळ्याला लागला होता. कोपऱ्यापासून पहिल्या अक्षरापर्यंत ॲक्रिलिकला तडा गेलाय. बंपरवर मात्र साधा ओरखडाही नाही.

गाडीची माहिती एकदाच लिहून ठेवतो. युनोस रोडस्टर, म्हणजे माझदा एमएक्स-५ ची जपानमध्ये विकली गेलेली आवृत्ती. हे मॉडेल १९८९ मध्ये आलं. माझी गाडी १९९२ च्या अखेरची. इंग्लंडमध्ये आल्यावर तिला वयानुसार ‘के’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळाला. पूर्ण क्रमांक इथे लिहीत नाही. पण त्यात एक ‘१’ आहे आणि पुढच्या सगळ्या हिशेबात त्या एकाला फार महत्त्व आहे.

या गाडीचं नाक गोल आहे आणि त्याखाली हवा आत घेणारं लांबट तोंड. त्या गोलाईवर ५२० मिमी लांबीची सपाट पट्टी बसवली की मध्यभागी ती बंपरला टेकते आणि दोन्ही टोकं हवेत राहतात. संध्याकाळी मोजलं तेव्हा टोकाशी प्लेट आणि बंपर यांच्यात ३८ मिमी अंतर भरलं. गाडी जराशी तिरकी लागली की सगळ्यात आधी हे टोकच धडकणार, आणि मागे आधार नसल्यामुळे तुटणारही तेच. शिवाय आधीच्या मालकाने प्लेट थेट तोंडावर आडवी बांधली आहे. इतक्या सुंदर चेहऱ्याच्या गाडीच्या तोंडाला पट्टी बांधलेली मला पहिल्या दिवसापासून खटकते.

प्लेट बदलायचीच आहे, तर या वेळी आखूड बसवतो. पण कायद्यात बसेल तेवढीच आखूड.

९ मार्च, रविवार

आज फक्त हिशेब केला.

ब्रिटनमध्ये पाटी किती लांब असावी याचं बंधन नाही. बंधन आहे ते अक्षरांचं. २००१ च्या नियमांनुसार अक्षर ७९ मिमी उंच, ५० मिमी रुंद, रेघेची जाडी १४ मिमी. दोन अक्षरांत ११ मिमी, दोन गटांत ३३ मिमी, आणि चारही बाजूंना निदान ११ मिमी कोरी जागा. ‘१’ आणि ‘आय’ एवढ्या दोघांना ५० मिमीची अट नाही, कारण ती नुसती एक उभी रेघ असते: १४ मिमी.

म्हणजे साध्या सात अक्षरी क्रमांकासाठी ३५० मिमी अक्षरं, गटांच्या आतली पाच अंतरं मिळून ५५, मधली मोकळी जागा ३३, दोन कडा २२. एकूण ४६०. बाजारात मिळणारी ५२० ची पाटी त्याहून ६० मिमी लांब असते, ती फक्त सगळ्यांना एकच माप चालावं म्हणून. माझ्या क्रमांकात एक ‘१’ असल्याने ३६ मिमी आणखी वाचतात. ४२४. याच्याखाली एक मिलिमीटरही नाही.

आता त्या ३८ मिमीच्या अंतराचं काय होतं? कमानीची खोली रुंदीच्या वर्गाने बदलते. ४२४ ला ५२० ने भागून वर्ग केला तर ०.६६ च्या आसपास येतो, म्हणजे टोकाशी ३८ ऐवजी साधारण २५ मिमी उरेल. रुंदी एक-पंचमांशाहूनही कमी घटली, पण बाहेर राहणारं टोक एक-तृतीयांश आत गेलं. वहीत हा आकडा लिहिताना फार बरं वाटलं. हे काम नुसतं दिसण्यासाठी नाही याचा तो पुरावा आहे.

जुनीच पाटी करवतीने दोन्हीकडून ४८-४८ मिमी कापली तर? नको. परावर्तक फिल्म ॲक्रिलिकच्या मागे चिकटवलेली असते. कापलेल्या कडेतून पाणी शिरलं की वर्षभरात ती ढगाळते. आणि पाटीच्या खालच्या कडेला पुरवठादाराचं नाव, पोस्टकोड, बनवणाऱ्याची खूण आणि ब्रिटिश मानकाचा क्रमांक छापलेला असतो. माझ्या जुन्या पाटीवर मानकाचा क्रमांक अगदी उजव्या कोपऱ्यात आहे. पहिला काप तिथूनच गेला असता. १ सप्टेंबर २०२१ पासून नवीन बसवलेल्या पाटीवर बीएस एयू १४५ई हा मानक क्रमांक असायलाच हवा.

आयात जपानी गाड्यांना ६४ मिमी उंचीची छोटी अक्षरं लावण्याची एक सवलत आहे. ती फक्त युरोपीय प्रकारमान्यता (त्या मॉडेलला युरोपात मिळालेली मंजुरी) नसलेल्या आणि रचनेमुळे मोठी अक्षरं मावतच नाहीत अशा गाड्यांसाठी. माझ्या गाडीच्या पुढे मोठी अक्षरं मावतात. तेव्हा सवलतीचा विचार सोडला.

रात्री इंटरनेटवर एका विक्रेत्याकडे ऑर्डर दिली. माप ४२४ × १११ असं स्वच्छ लिहिलं.

१२ मार्च, बुधवार

कोल्हापूरहून धाकट्या भावाचा फोन. त्याच्या जुन्या वॅगन-आरला एचएसआरपी, म्हणजे सरकारने सक्तीची केलेली सुरक्षा नंबरप्लेट, बसवायची आहे, सेंटरची तारीख मिळालीय. माझं काय चाललंय ते सांगितल्यावर लगेच म्हणाला, “मग मी बी पुढची जरा बारकी करून घेतो की दादा. बंपरच्या बाहेर येतीया ती.”

त्याला बजावलं, तिला कात्री लावायची नाही. दोन्ही देशांचा विचारच वेगळा आहे. ब्रिटनने अक्षरांची मापं बांधली आणि पत्रा मोकळा सोडला. आपल्याकडे अख्खी पाटीच बांधलेली आहे: चारचाकीला ५०० × १२० किंवा ३४० × २००, ॲल्युमिनियमची. डाव्या बाजूला २० मिमीचं अशोकचक्राचं होलोग्राम, त्याखाली निळ्यात ‘आयएनडी’, लेसरने कोरलेला क्रमांक, आणि एकदा बसवलं की तोडल्याशिवाय न निघणारं स्नॅप-लॉक. डावीकडून दोन बोटं कापली की पाटीची ओळखच गेली. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना ती आता बसवावी लागते, आणि बसवल्यावर जशी आहे तशीच ठेवावी लागते.

तो जरा खट्टू झाला. आमच्या लहानपणी कोल्हापुरात ४१४१ चं ‘दादा’ आणि २१४ चं ‘राम’ लिहून देणारे पेंटर होते. आण्णांच्या स्कूटरची पाटी अशाच एका पेंटरने आमच्या समोर, ब्रश न उचलता, काढली होती. त्या हाताची कला मोठी होती आणि तिची आठवण मलाही येते. पण अपघात करून पळालेल्या गाडीचा नंबर वाचता आला नाही म्हणून माझ्या ओळखीच्या एका घराला काय सोसावं लागलं ते मी पाहिलंय. पाटी वाचता आली पाहिजे. माझी आखूड पाटीही वीस मीटरवरून तितकीच वाचता यायला हवी, नाहीतर हे काम करण्यात अर्थ नाही.

१५ मार्च, शनिवार

पाटी आली. पाकीट उचललं तेव्हाच हलकं वाटलं.

व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला. लांबी ४२४ नाही, ३८९. कुठं कुठं चोरी केलीय ते एकेक मोजत गेलो: दोन्ही कडा ११ ऐवजी ५, गटांतली जागा ३३ ऐवजी २०, अक्षरांतली अंतरं ११ ऐवजी ९. अक्षरं तेवढी बरोबर. खाली ना पुरवठादाराचं नाव, ना मानकाचा क्रमांक. सोबतच्या चिठ्ठीवर ‘फक्त प्रदर्शनासाठी’.

दोन गट इतके जवळ आले की दुरून सातही अक्षरं एका दमात वाचली जातात. क्रमांक टिपणारे कॅमेरे मधल्या मोकळ्या जागेवर आणि ठरावीक अंतरांवर अवलंबून असतात. ही पाटी लावली तर एमओटीत, म्हणजे इथल्या वार्षिक वाहन तपासणीत, गाडी नापास, आणि दंड १,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. फोन केला तर उत्तर मिळालं की सगळे अशाच लावतात. पैसे परत मागितले आहेत.

ऑर्डर देताना त्यांनी गाडीचं नोंदणीपत्र मागितलं नाही, लायसन्सही नाही. नोंदणीकृत पुरवठादाराला ही दोन्ही तपासावी लागतात. कुणी मागत नसेल तर तिथूनच परत फिरावं. हे इथे ठळक लिहून ठेवतोय, कारण ‘आखूड प्लेट’ शोधणाऱ्या माणसापुढे आधी असेच विक्रेते येतात.

२२ मार्च, शनिवार

नोंदणीपत्र आणि लायसन्स घेऊन जवळच्या मोटारपार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही कागद नीट पाहिले, क्रमांक दोनदा टंकला आणि मला पडदा दाखवून खात्री करून घेतली. तिच्या यादीत ४२४ हे माप नव्हतं. मी वहीतला हिशेब पुढे केला. तिने एका वयस्कर सहकाऱ्याला बोलावलं. त्यांनी ओठ हलवत माझी बेरीज पुन्हा केली, मान डोलावली आणि यंत्रात माप हाताने घातलं.

फिल्म छापून बाहेर आली, ॲक्रिलिकवर बसली, रोलरमधून गेली. पाटी हातात घेतली तेव्हा कोमट होती. परवानगी घेऊन तिथेच व्हर्नियर लावला: ७९, ५०, १४, ११, ३३, ११. खाली दुकानाचं नाव, पोस्टकोड, मानकाचा क्रमांक. सगळं एका छटेतलं ठाशीव काळं. त्या गृहस्थांनीही माझ्या खांद्यावरून वाकून प्रत्येक आकडा पाहिला.

ध्वजाची पट्टी घेतली नाही, तिला वेगळी रुंदी लागते. गाडी फ्रान्सला नेली तर मागे ‘यूके’चं स्टिकर लावावं लागेल. सप्टेंबर २०२१ पासून जुनं ‘जीबी’ चालत नाही.

२३ मार्च, रविवार

आता मूळ अडचण. पाटी आखूड झाली की स्क्रू मारायला जागाच उरत नाही.

५२० च्या पाटीवर दोन्ही टोकांना भरपूर कोरी जागा असते, तिथे स्क्रू मारून वर पांढरी टोपी बसवतात. माझ्याकडे कड फक्त ११ मिमी आणि टोपीच १४ मिमीची. ती पहिल्या अक्षरावर चढणार. जपानी पाटीसाठी बंपरला दोन भोकं आहेत, ती एकमेकांपासून २१० मिमीवर. तिथे स्क्रू मारला तर दोन्ही अक्षरांच्या पोटात जातात. काळी टोपी लावून ‘३’ चा ‘८’ करणारे लोक आहेत. ते मुद्दाम करतात, माझ्याकडून नकळत व्हायला नको. मधल्या ३३ मिमीच्या जागेत एक स्क्रू बसला असता, पण ‘१’ पहिल्या गटात असल्याने ती जागा पाटीच्या मध्यापासून १२.५ मिमी उजवीकडे आहे, आणि एका स्क्रूवर पाटी फिरते.

म्हणून ठरवलं: पाटीला भोक नाहीच. मागे ॲल्युमिनियमची पट्टी, पट्टी बंपरला बोल्टने, आणि पाटी पट्टीला ॲक्रिलिक फोमच्या दुतर्फी टेपने.

पट्टी ३ मिमी जाड, ३८० मिमी लांब, म्हणजे पाटीमागे दोन्हीकडे २२ मिमी लपलेली. बोल्टचं डोकं पट्टीत पूर्ण बुडालं पाहिजे, नाहीतर पाटी वर उचलली जाईल. एम६ (६ मिमी) बोल्टचं शंक्वाकृती डोकं ३ मिमीत मावत नाही, थोडं वर राहतं. एम५ चं मावतं. एम५ घेतले, स्टेनलेसचे. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकू नयेत म्हणून पट्टीच्या मागे नायलॉनचे वॉशर, आणि डोक्याखालच्या खळग्यात प्रायमरचा हात. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या खाऱ्या पाण्यात हे दोन धातू भिडले की ॲल्युमिनियम पांढरं पीठ होऊन झडतं.

आण्णांचं उद्यमनगरातलं लेथचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण सेंटर पंच हातात घेतला की त्यांचा आवाज येतो: आधी खूण, मग पंच, मग बारीक ड्रिल, मग मोठं. आज डावं भोक तसं केलं. उजव्याच्या वेळी पट्टी शिकंज्यात सरकली आणि भोक ३ मिमी आत गेलं. गोल कानस घेऊन लांबवलं. अर्धा तास गेला, पण आता दोन बोल्टमधलं अंतर बंपरच्या भोकांशी जुळवून घेता येतं.

पट्टीची खालची कड वाइसमध्ये धरून, लाकडाचा तुकडा मध्ये ठेवून, हातोड्याने काटकोनात दुमडली. पाटीची खालची कड त्या ओठावर बसेल, वजन टेपवर येणार नाही. ओठ टेप आणि पाटीच्या जाडीएवढाच, पुढे येऊन छापील मजकूर झाकणार नाही असा. कानस मारून गुळगुळीत केला.

बोल्टच्या जागी, म्हणजे २१० मिमी रुंदीवर, पट्टी आणि बंपर यांच्यात ६ मिमी अंतर येतं. ३ मिमीचे दोन-दोन रबरी वॉशर पुरतील.

२६ मार्च, बुधवार

एक गोष्ट रविवारीच लक्षात आली होती. बोल्टची डोकी पाटीमागे जाणार, म्हणजे पट्टी आधी गाडीला लावली तर पाटी बाहेर थंडीत चिकटवावी लागणार. आज बाहेर ८ अंश. टेपला वीसच्या आसपास ऊब लागते आणि पूर्ण ताकद यायला ७२ तास. म्हणून बोल्ट पट्टीतच नट मारून पक्के केले, त्यांचे दांडे मागे बाहेर आले. आता पाटी घरातच चिकटवायची आणि दांडे बंपरच्या भोकांतून घालून आतून नट आवळायचे.

जेवणानंतर स्वयंपाकघरातलं टेबल मागून घेतलं. पट्टी आणि पाटी दुपारपासून रेडिएटरवर ठेवली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पुसल्या, एकाच दिशेने, प्रत्येक वेळी कापडाची नवी घडी. पट्टीवर टेप दोन आडव्या ओळींत. लाल कागद काढला. लेकीने एक टोक धरलं, मी दुसरं. पाटीची कड ओठावर टेकवली आणि खालून वर हळूहळू मागे झुकवत नेली. एकदा टेकल्यावर सरकवता येत नाही, म्हणून दोघांनी श्वास धरला होता.

दाबायला रोलर नव्हता. हिने न बोलता लाटणं पुढे केलं. मऊ कापड गुंडाळून मध्यापासून टोकांकडे लाटत गेलो, पोळी लाटतात तसं, कडेला जोर कमी. लेक कान लावून ऐकत होती. टेपमधली हवा बाहेर पडताना बारीक चरचर होते, ती थांबेपर्यंत लाटलं.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

आज इथली घड्याळं एक तास पुढे गेली, त्यामुळे गुढी उभारायला पहाट जरा जास्तच लवकर वाटली. खिडकीतच उभारली. इथे कडुलिंब मिळाला नाही, गाठी मात्र मिळाली.

७२ तास उलटून गेलेत. दहा वाजता गाडीखाली शिरलो. जुनी पाटी, तिचे गंजलेले स्क्रू आणि तोंडावरची आडवी पट्टी काढली. तीस वर्षांचा जपानी धुळीचा थर भोकांच्या कडेला होता. जपानमध्ये तिच्यावर ३३० × १६५ ची पाटी होती आणि मागच्या पाटीच्या डाव्या बोल्टवर त्या प्रांताचं अक्षर असलेली ॲल्युमिनियमची मोहर असणार. ती फोडल्याशिवाय पाटी निघत नाही. धाकट्याला हे सांगायला हवं, स्नॅप-लॉकचं काम तिथे मोहर करते.

दांडे भोकांत बसले. रबरी वॉशर, नायलॉन, नट. आमचा ड्राइव्हवे उतरता आहे, तिथे लेव्हलच्या बुडबुड्याचा भरवसा नाही. या गाडीचे हेडलाइट बॉनेटमधून वर येतात, एरवी झाकणाखाली असतात. म्हणून त्या दोन्ही झाकणांपासून मोजपट्टीने खाली मोजलं आणि पाटी सरळ केली. आवळलं. टोकाशी मोजलं: ३१ मिमी. यातले ६ मिमी कुठून आले ते पाहिलं. वॉशर दाबले गेले नव्हते आणि पट्टी बंपरला मध्येही टेकत नव्हती. प्रत्येक बाजूचा एक वॉशर काढला, पुन्हा आवळलं. २८. हिशेबापेक्षा ३ जास्त. मध्यभागी थोडी फट राहिलेली चांगली, रंगाला घासणार नाही.

पाटी आता तोंडाच्या खालच्या ओठावर बसलीय, फक्त वरची कड तोंडात डोकावते. वीस मीटर मागे जाऊन पाहिलं. क्रमांक स्वच्छ वाचता येतो, दोन गट वेगळे दिसतात. आणि गाडीचं तोंड उघडं झालं. हेडलाइट वर केले तर ती हसल्यासारखी दिसते. लेक म्हणाली, “बाबा, आता श्वास घेता येतो तिला.”

हळदकुंकू बॉनेटवर लावलं. पाटीवर नाही, ती कोरी राहू द्यायची.

१२ एप्रिल, शनिवार

एमओटी. परीक्षकाने पाटी हाताने हलवून पाहिली, खालचा मजकूर वाचला, मागे जाऊन एकदा पाहिलं. पास. पुढच्या डाव्या रबरी बुशबद्दल सूचना लिहिली आहे, ते वेगळं काम.

पहिल्या विक्रेत्याने पैसे परत दिले. ती ३८९ ची पाटी वाइसमध्ये धरून दोन तुकडे केली, कुणाच्या हाती लागून गाडीवर चढायला नको.

२१ जून, शनिवार

कडक ऊन. एम४ महामार्गावर तासभर रांगेत अडकलो, छप्पर उघडं. तापमानाचा काटा मध्यावर राहिला, पंखा अधूनमधून लागत होता. आखूड पाटीमुळे तापमान कमी झालं असं म्हणणार नाही, आधीही तो मध्यावरच असायचा. टोकं थरथरायची ती मात्र पूर्ण थांबली. पूर्वी वेग वाढला की पुढून बारीक फडफड ऐकू यायची, आज नाही.

घरी येऊन किडे धुतले. टेपच्या चारही कोपऱ्यांत शिवणाची सुई घालून पाहिली, कुठेच शिरली नाही. नायलॉन वॉशरभोवती पांढरं पीठ नाही. खरी परीक्षा मीठ पडल्यावर, नोव्हेंबरात पुन्हा सुई.

धाकट्याने वॅगन-आरचा फोटो पाठवलाय. पाटी पूर्ण ५०० ची. बंपरच्या बाहेर येणाऱ्या टोकांमागे त्याने रबराचे दोन ठोकळे चिकटवलेत.